रेवाची घाई

रेवा शर्यतीच्या मैदानावरून आमच्या रायडिंग स्कूलमध्ये आलेली घोडी आहे. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिळा, खांद्यापाशी पाच फूट चार इंच उंची. तबेल्यातून बाहेर पडताना ती कधी रेंगाळत नाही. मैदानाचं फाटक दिसलं की कान टवकारतात, मान उंचावते आणि पाऊल भरभर पडायला लागतं. मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर घोडेस्वारी शिकायला लागले. सुरुवातीचे महिने वयस्क, शांत घोड्यांवर चाल आणि दुडकी शिकण्यात गेले. कँटर आणि उडी शिकायची वेळ आली तेव्हा आमचे शिक्षक असलेल्या साहेबांनी माझ्या हातात रेवाचा लगाम दिला. उत्साही घोड्यावर जरब हवी, तो सतत आवळून धरावा लागतो, असं मी तोवर बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. रेवाच्या पाठीवर मला वेगळंच शिकायला मिळालं.

आमचे साहेब सातारा जिल्ह्यातले. जयपूरच्या 61व्या घोडदळात नोकरी करून निवृत्त झालेले. स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या घोडदळांतून उभी राहिलेली ही रेजिमेंट आजही घोडे बाळगते. साहेब कमी बोलतात आणि सगळ्या बायकांना ‘ताई’ म्हणतात. रेवाची ओळख करून देताना ते म्हणाले, “ताई, ही घोडी खोडकर नाही. हिला एकच काम शिकवलं गेलं आणि ते ती मन लावून करते. आता आपण हिला दुसरं काम शिकवायचं.”

ते पहिलं काम म्हणजे धावणं. पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो. थरोब्रेड जातीचा घोडा दोन वर्षांचा असतानाच मैदानात उतरतो आणि तरुणपणीच त्याची कारकीर्द आटोपते. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं आणि कधी त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे शर्यत सुटल्यावर त्याचं बहुतेक सगळं आयुष्य शिल्लकच असतं. त्यातले काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये येतात आणि आमच्यासारख्या शिकाऊ माणसांना पाठीवर घेतात. त्यांचं हे दुसरं आयुष्य कसं जाईल, हे बऱ्याच अंशी आमच्या हातांवर आणि मांडीवर अवलंबून असतं. साहेबांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते मी विसरलेले नाही.

स्वारीच्या आधीचा वेळ मला स्वारीइतकाच महत्त्वाचा वाटतो. तबेल्यातले मामा, म्हणजे रेवाचे मोतद्दार, खरारा माझ्याकडूनच करून घेतात. मानेपासून सुरुवात करून पाठ, पोट, मग पाय. चारही खूर उचलून आतली माती काढायची. ब्रश फिरवताना पाठीच्या कुठल्या भागावर ती कातडी थरथरवते, तंग आवळताना मान वळवते का, लगाम घालताना तोंड सहज उघडते का, हे पाहायचं. घाई करणारा घोडा आला की साहेब आधी त्याची पाठ आणि तोंड तपासतात. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून बाहेर येत राहतात आणि चघळून चघळून त्यांना धारदार कडा येतात. त्या गालाला टोचत असतील तर लगामाचा प्रत्येक स्पर्श दुखतो आणि घोडा त्या दुखण्यापासून पळतो. खोगीर नीट बसत नसेल तरीही तेच होतं. रेवाचे दात घासून घेतले होते, खोगीर तिच्या मापाचं होतं. मामांनी तिची चंदीही बदलली होती. शर्यतीच्या घोड्याला लागणारा जोरकस खुराक कमी करून चारा आणि लसूणघास वाढवला होता. एवढं सगळं झाल्यावरही जी घाई उरली, ती तिची स्वतःची होती.

कँटर ही तीन ठोक्यांची चाल. चालताना घोड्याचे चार ठोके ऐकू येतात, दुडकीत दोन. कँटरमध्ये आधी बाहेरचा मागचा पाय पडतो, मग आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा एकदम, शेवटी आतला पुढचा. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत असतात. डावीकडे वळत असू तर डावा पुढचा पाय पुढे पडायला हवा. त्याला लीड म्हणतात. लीड चुकला तर वळणावर घोड्याचा तोल बिघडतो. कँटर मागायची पद्धत सांगायला सोपी आहे. बाहेरची पोटरी तंगाच्या थोडी मागे, आतली तंगापाशी, पाठ ताठ, नजर पुढे. ज्या पायापासून ही चाल सुरू होते त्याच पायाला इशारा द्यायचा.

रेवाला मात्र कँटर मागावी लागत नाही. कोपऱ्यात दुडकी जरा लांबली की ती स्वतःच उचलते. मग वेग वाढत जातो. अशा वेळी शिकाऊ माणसाचं शरीर एकच गोष्ट करतं. गुडघे आवळले जातात, खांदे पुढे झुकतात, श्वास अडकतो आणि हात लगाम ओढून धरतात. शर्यतीत जॉकी नेमका असाच असतो. आखूड रिकिबी, पाठीवरून उचललेलं अंग, पुढे झुकलेले खांदे, आखूड धरलेला लगाम. शर्यतीचा घोडा त्या लगामावर भार टाकून धावायला शिकलेला असतो. वरच्या माणसानं लगाम ताणून धरला म्हणजे धावायची वेळ झाली, असाच त्याचा अर्थ तो लावतो. साहेबांनी हे मला घोड्यावर बसवून नाही, जमिनीवर उभं करून समजावलं. लगामाचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि ओढायला सांगितलं. मी ओढलं तसं त्यांनीही ओढलं. मग त्यांनी हात सैल सोडला. माझ्या हातात ओढण्यासारखं काही उरलंच नाही. “तिच्याशी रस्सीखेच करायची नाही,” ते म्हणाले. “पाचशे किलोच्या जनावराशी कोण जिंकणार?”

मग करायचं काय? पहिला धडा श्वासाचा. कँटरमध्ये घोड्याचा श्वास त्याच्या ढांगेशी बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास. नाकपुड्यांतून येणारा तो फुर्र आवाज ऐकायचा आणि त्याच्यावर मोठ्यानं मोजायचं. मोठ्यानं मोजणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. माझा श्वास मोकळा झाला की खांदे खाली येत, कंबर सैल होई. झोपाळ्यावर झोका घेताना कंबर जशी आपोआप पुढे जाते आणि परत येते, तशी ती कँटरबरोबर जायला लागे. त्यानंतर दुसरा धडा. वेग कमी करायचा तर हातांनी नाही, कंबरेनं. ढांगेबरोबर जाणारी कंबर क्षणभर थोडी आखडायची, पोट घट्ट करायचं, बाहेरचा लगाम बोटांनी आवळायचा आणि लगेच सोडायचा. ते सोडणं सर्वांत महत्त्वाचं. रेवानं ऐकलं की त्याच क्षणी तिला मोकळीक मिळाली पाहिजे, नाहीतर ऐकण्यात तिचा फायदा काय?

तिसरा धडा वर्तुळाचा. सरळ लांब रेषेवर रेवाला शर्यत आठवते. वीस मीटरच्या वर्तुळावर तिला आपले पाय सांभाळावे लागतात, आतल्या मागच्या पायावर भार घ्यावा लागतो. वर्तुळ लहान केलं की ती स्वतःहून वेग आवरते, मोठं केलं की ढांग लांबवते. तिला थांबवायची गरज पडत नाही, तिला काम मिळतं. दुडकीतून कँटर, पाच-सहा ढांगांनी परत दुडकी, मग चाल, पुन्हा कँटर, असं सारखं बदलत राहिलं की तिचे कान पुढे रोखलेले न राहता माझ्याकडे वळत. एक कान मागे आला की मला कळायचं, आता ती विचारते आहे, पुढे काय?

उडीचा प्रश्न याहून अवघड होता. उडी मारताना स्वाराला घोड्याच्या पाठीवरून उठावं लागतं. ही बैठक आज सगळीकडे सर्वमान्य असली तरी ती फार जुनी नाही. फेदेरिको काप्रिल्ली (1868–1907) या इटालियन घोडदळ अधिकाऱ्यानं ती रुजवली. त्याच्या आधी घोडदळात स्वार उडीच्या वेळी मागे रेलत, पाय पुढे ताणत आणि लगामाला लटकत. काप्रिल्लीनं पाठीवर स्वार नसलेले घोडे मोकळे उडी मारताना पाहिले. घोडा मान लांबवतो, पाठ गोल करतो आणि पुढच्या पायांवर उतरतो. स्वारानं त्याच्या आड येऊ नये, त्याच्या तोलाबरोबर पुढे जावं, हे काप्रिल्लीचं म्हणणं. आखूड रिकिबी, वजन टाचांत, नितंब खोगिरावरून उचललेले, हात मानेबरोबर पुढे. आज जगभर अडथळ्यांवरून जाणारा प्रत्येक स्वार असाच बसतो.

पण पाठीवरून उचललेलं अंग म्हणजे रेवाच्या दृष्टीनं जॉकी. मी उडीची बैठक घेतली की तिला शर्यत सुरू झाल्यासारखं वाटायचं. घोड्याच्या भल्यासाठी शोधलेली बैठक याच घोडीला चुकीचा निरोप देत होती. साहेबांचा उपाय साधा आणि वेळखाऊ होता. त्या बैठकीतलं नावीन्य संपवायचं. चालीत उठायचं, बसायचं. दुडकीत मैदानभर उठलेलंच राहायचं. थांबलेल्या घोडीवर उठून उभं राहायचं, तिचा गळा थोपटायचा आणि परत बसायचं. मग कँटरमध्ये वर्तुळावर, चार ढांगा वर, चार ढांगा खाली. समोर एकही अडथळा नाही. माझ्या मांड्या भरून यायच्या, पण हळूहळू रेवाला उमगलं की मी उठले म्हणजे पळायचं असं काही नाही. मी ते मुकाट्यानं करत होते, कारण यातून तिच्याशी एक नवा करार होत होता आणि तो घाईनं होणारा नव्हता.

पुढची पायरी जमिनीवर ठेवलेले पोल. दुडकीसाठी एकमेकांपासून साधारण सव्वाचार फुटांवर. रेवाला दुरून ते दिसले की ती त्यांच्यावर उडी मारायला जायची. पोल मोजून पाय टाकण्यासाठी आहेत, हे तिला मान खाली घालून बघितल्यावर समजलं. ती मान खाली घालू शकावी म्हणून माझे हात पुढे जायला हवेत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. अडथळ्याच्या अगदी जवळ आल्यावर घोडा आधी पाहिलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवून उडी घेतो. म्हणून त्याला अंतरावरून नीट पाहता आलं पाहिजे, डोकं हवं तसं वरखाली करता आलं पाहिजे. शेवटच्या दोन ढांगांत लगाम ओढला तर त्याचं पाहणंही बिघडतं आणि तोलही. साहेबांनी रेवाच्या गळ्यात रिकिबीचा एक जुना पट्टा बांधला होता. उडीच्या वेळी तो धरायचा, म्हणजे माझा तोल गेला तरी तिच्या तोंडाला हिसका बसत नाही.

मग दोन पोल फुलीच्या आकारात लावलेला छोटा अडथळा. मध्ये जेमतेम दीड फूट. त्याच्या आधी नऊ फुटांवर जमिनीवर एक पोल. दुडकीत या पोलवरून गेलं की उडीची जागा आपोआप बरोबर येते, घोड्याला घाई करायला वावच राहत नाही. रेवा तो अडथळा सहज पार करायची, पण उतरल्यावर पुढे सुटायची. मैदानाचा पलीकडचा कोपरा भराभर जवळ यायचा. इथेही साहेबांनी थांबवायला सांगितलं नाही. उतरताच नजर वळवायची, आपलं अंग हळूहळू सरळ करायचं, एकदम धपकन खोगिरावर बसायचं नाही, आणि वर्तुळ. दुडकी आली की परत अडथळ्याकडे. अडथळ्याकडे जातानाच तिचा वेग वाढायला लागला तर तेव्हाही वर्तुळ, मात्र निर्णय लवकर घ्यायचा. अगदी पुढ्यात येऊन वळवलं तर घोड्याला बाजूनं निसटायची सवय लागते. काही फेऱ्यांनी रेवाला कळलं की अडथळा कुठे पळून जात नाही. त्याच्याकडे शांतपणे गेलं तरच तो मिळतो. आणि तिला तो हवा असायचा. उडी मारायला आवडणारा घोडा कसा असतो हे मी तिच्या पाठीवर शिकले. अडथळा दिसला की कान पुढे, पाठ माझ्याखाली भरून येते, मागचे पाय आत येतात. भीतीनं घाई करणारा घोडा ताठ होतो, शेपटी आवळतो, डोळे मोठे करतो. रेवात दोन्ही होतं. महिन्यांमागून महिने गेले तसतसं दुसरं कमी होत गेलं आणि पहिलं उरलं.

“उडी म्हणजे कँटरची एक मोठी ढांग,” साहेब नेहमी म्हणतात. ते खरं आहे हे मला साठ फुटांच्या अंतरानं पटवलं. दोन छोटे अडथळे, मध्ये साठ फूट. कँटरची ढांग बारा फूट धरली तर पहिल्या अडथळ्यावरून उतरायला सहा फूट, दुसऱ्यावर उडी घ्यायला सहा फूट आणि मध्ये चार ढांगा. रेवा त्या तीनच घ्यायची आणि दुसऱ्या अडथळ्यावर लांबून झेपावायची. तिची ताकद एवढी की ते जमूनही जायचं, पण मला दोन्ही हातांनी गळ्यातला पट्टा धरावा लागे. साहेबांनी मला तिच्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगितलं. उतरल्यापासून मोठ्यानं चार मोजायचे, सारख्या तालात, ती काहीही करो. पाऊस उघडल्यानंतरची एक सकाळ होती, जमीन अजून मऊ होती. मी मोजायला सुरुवात केली, एक, दोन, आणि तिचा डावा कान मागे वळला. तीन. ढांग गोळा झाली. चार. आणि आम्ही वर होतो, मोजक्या, गोल उडीत. पट्टा धरायची गरजच पडली नाही. मैदानाच्या कडेला उभे असलेले मामा “शाब्बास” म्हणाले ते मला ऐकू आलं. मी तिचा लगाम पूर्ण सैल सोडला आणि ती मान खाली घालून चालायला लागली. शर्यतीचा घोडा उडीनंतर स्वतःहून चालीवर येतो, यात किती गोष्टी जमून आलेल्या असतात हे ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

त्या दिवशी आणखी उडी मारायची नाही, असं साहेबांनी सांगितलं. चांगलं झालं की तिथेच थांबायचं, कारण घोड्याला कामाची शेवटची आठवण राहते. मग नेहमीचा क्रम. तंग एक भोक सैल, दहा-पंधरा मिनिटं चालवत घाम उतरवायचा, पायांवर गार पाणी सोडायचं. पुढच्या पायांच्या मागच्या कंडरांवरून हात फिरवून पाहायचं. कुठे गरम लागतंय का, सूज आहे का? शर्यतीत याच कंडरांवर सर्वांत जास्त ताण येतो. पावसाळ्यात मैदान निसरडं झालं तर आम्ही उडी घेतच नाही. तिला कितीही हुरूप असला तरी पाय जपायची जबाबदारी आमची.

आता मी तिच्याबरोबर सात-आठ छोट्या अडथळ्यांची फेरी करते. तिची घाई गेलेली नाही आणि जावी असंही मला वाटत नाही. आळशी घोड्याला पुढे ढकलत न्यावं लागतं. रेवा पुढे जायची इच्छा घेऊनच येते. ती इच्छा तिची दौलत आहे. मला तिला फक्त ताल द्यायचा असतो आणि तो माझ्या शरीरात आधी असावा लागतो. ज्या दिवशी मी ऑफिसातली धावपळ अंगावर घेऊन तबेल्यात जाते, त्या दिवशी साहेब मला आधी अर्धा तास खरारा करायला लावतात. रेवाला शांत करायच्या आधी ते मला शांत करतात.

कोणी घोडेस्वारी शिकायला निघालं असेल तर माझं एक सांगणं आहे. शाळा निवडताना घोडे पाहा. पाठीवर जखमा आहेत का, तोंडाचे कोपरे सोललेले आहेत का, एका घोड्याला दिवसात किती तास काम असतं, हे विचारा. शिकवणारा माणूस घोड्याला कधी विश्रांती देतो ते पाहा. आणि पुढे कधी एखादा उतावळा, शर्यतीतून आलेला घोडा वाट्याला आला तर शांत घोडा मागायची घाई करू नका. डोक्यावर चांगलं हेल्मेट घाला, जाणता शिक्षक बरोबर ठेवा, छोट्या वर्तुळावर सुरुवात करा आणि मोठ्यानं मोजा. त्याला कोणीतरी वेगानं धावायला शिकवलं आहे. तुमच्याबरोबर वेगळं काही करायचं आहे हे समजायला त्याला वेळ लागेल. तो वेळ त्याला द्या. तो त्याचा हक्क आहे.